नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस : ‘वय झालं’ म्हणून निसटणारे निदान

सत्तरीतले आजोबा पाय घासत चालू लागले, लघवीवरचा ताबा सुटला आणि विसरभोळेपणा वाढला, की घरचे म्हणतात, ‘वय झालं.’ बहुतेकदा कारण अल्झायमर, पार्किन्सन असे काहीतरी असते. पण काही रुग्णांत या तिन्ही तक्रारींमागे नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस असतो. तो ओळखला गेला तर चालणे पुष्कळदा सुधारते, म्हणूनच तो निसटू नये.

मेंदूतल्या पोकळ्यांमध्ये दिवसाला सुमारे ५०० मिलि मेंदू-मेरुद्रव तयार होतो, एका वेळी मात्र साधारण १५० मिलिच असतो. निचरा बिघडला की पोकळ्या फुगतात. गंमत अशी, की कमरेत सुई घालून दाब मोजला तर तो सामान्यच येतो!

हे कोडे बोगोटात सालोमोन हाकिम यांना १९५७ मध्ये पडले. रुग्ण म्हातारा नव्हता. अपघातानंतर भान हरपलेला १६ वर्षांचा मुलगा होता. तपासणीसाठी १५ मिलि द्रव काढला आणि मुलगा बोलू लागला. हाकिम आणि रेमंड अ‍ॅडम्स यांचे लेख १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. हाकिम यांचे स्पष्टीकरण हायड्रॉलिक प्रेसचे होते : बल = दाब × क्षेत्रफळ. पोकळी एकदा मोठी झाली की तोच दाब भिंतीवर जास्त बल लावतो. पण बाहेरूनही तेवढाच दाब असेल तर निव्वळ बल कुठून येणार, असे तुम्ही विचाराल. प्रश्न बरोबर आहे. एवढ्या सूत्राने आजार पूर्ण उलगडत नाही.

निदानात चालीकडे नीट पाहावे, कारण बहुधा तीच आधी बिघडते : आखूड पावले, पायांत जास्त अंतर, तळवे फरशीला चिकटल्यासारखे. पार्किन्सनमध्ये हातांचे झुलणे कमी होते, इथे ते बरेचसे टिकते. सीटी स्कॅनवर पोकळ्यांच्या पुढच्या शिंगांची कमाल रुंदी भागिले त्याच पातळीवरची कवटीची आतली रुंदी, हा इव्हान्स निर्देशांक ०.३ पेक्षा जास्त येतो. पण मेंदू आक्रसला तरी पोकळ्या मोठ्या दिसतात, त्यामुळे नुसत्या चित्रावर भागत नाही.

मग ३० ते ५० मिलि द्रव काढून चाल आधी आणि नंतर घड्याळ लावून मोजतात. फरक पडला तर शंट, म्हणजे जादा द्रव पोटात नेणारी झडप असलेली नळी, उपयोगी पडण्याची शक्यता वाढते. फरक पडला नाही म्हणून आजार नाहीच, असे मात्र म्हणता येत नाही.