आदत, दुसा, टीनेजर

"म्याडम, मग मी म्हातारा कसा?"

फळ्यावर मी लिहिलं होतं, 'आय ॲम टेन इयर्स ओल्ड.' हात वर करणाऱ्या पाचवीतल्या पोराला शब्द येत नव्हता असं नाही. येत होता, हीच अडचण. ओल्ड मॅन म्हणजे काठीवाला आजोबा, हे त्याच्या डोक्यात दुसरीपासून पक्कं बसलेलं. वर्ग खदखदून हसला, मीही हसले. मग तास निम्मा सरला तो हे पटवण्यात, की इंग्रजीत पाळण्यातल्या लेकराचं वय सांगतानाही हा शब्द लागतो. आपण 'दहा वर्षांचा' म्हणतो, त्यातल्या 'चा'चं काम तिथे ओल्ड करतो. पटलं की नाही कोण जाणे. पुढचा आठवडाभर दोघं-तिघं एकमेकांना 'ए म्हाताऱ्या' म्हणत होते.

आमची वाडी बीडच्या धारूर तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात. जिल्हा परिषदेची शाळा. इंग्रजी पहिलीपासून आहे. २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना तसा निर्णय झाला. म्हणजे पाचवीपर्यंत पोरं चार वर्षं इंग्रजी ऐकलेली असतात. वाचणं मात्र वेगळं. सुरात म्हणायला लावलं तर अख्खा धडा म्हणतात, पण बोटाकडे बघावं. तोंड 'वॉक'वर आणि बोट अजून 'बेबी'वर. पाठांतर ओळखायची माझी खूण हीच.

म्हणून 'मोठं होणं' या विषयावर मी स्वतःच सहा वाक्यं लिहिली आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाच्या पट्ट्या केल्या. 'व्हेन आय वॉज अ बेबी, आय कुड नॉट वॉक.' 'नाउ आय कॅन रन.' असं सोपंच. पट्ट्या विस्कटायच्या आणि क्रमाने लावायला सांगायचं. मग पाठांतराचा उपयोग होत नाही. पहिल्याच पट्टीवर गाडी अडली. 'कुड' सगळ्यांनी 'कौल्ड' वाचलं आणि 'वॉक' झालं 'वाल्क'. चूक त्यांची नाहीच, मराठीत लिहिलेलं अक्षर बोलतंच. मी सांगितलं, दोन्हीतला एल झोपलाय, त्याला उठवायचं नाही. तेव्हापासून ही पोरं एल आला की आधी तोंडावर बोट ठेवतात. 'मिल्क'मधला जागा एलही त्यांनी झोपवला, ते निस्तरायला वेगळा दिवस गेला.

'ग्रो' शिकवावा लागला नाही. कपाशीची ग्रोथ थांबली, फवारा मारल्यावर ग्रोथ धरली, हे घरात रोजचं बोलणं. पण माणूसही 'ग्रो' होतो, याची त्यांना गंमत वाटली.

खरा वर्ग रंगला तो दातांवर. 'माय मिल्क टीथ फेल आउट' ही पट्टी वाचून एकाने जबडाच उघडला, खाली पुढे दोन मोठे दात, बाजूला खिंडार. "म्याडम, हा दुसा झालाय!" मागून आवाज आला. बैलबाजारात जाणाऱ्या घरची पोरं ही. दुधाचे दात असलेलं जनावर आदत, दोन पक्के दात आले की दुसा, चार आले की चौसा, आठही आले की जुळलेलं. मला हे अर्धवट माहीत होतं, त्यांनी पुरं शिकवलं. मग फळ्यावर एकीकडे करडू, पाट, शेळी. वासरू, कालवड, गाय. गोऱ्हा, खोंड, बैल. दुसरीकडे बेबी, चाइल्ड, टीनेजर, अडल्ट. चारही इंग्रजी शब्द त्या दिवशी न घोकता वाचले गेले. फक्त टीनेजरपाशी कुणीतरी पुटपुटलं, "टीन म्हंजी पत्रा."

पाट म्हणजे करडू नाही आणि व्यालेली शेळीही नाही, मधली. तसंच टीनेजर, असं मी सांगितलं. थर्टीन ते नाइंटीन, शेवटी टीन असलेली सात वर्षं. अठराव्याच्या आत लग्न नको, हेही त्याच ओघात बोलून घेतलं.

दिवाळीनंतर वर्ग पांगतो. आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला कोल्हापूर, सांगलीकडे, नाहीतर कर्नाटकात जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस अर्धा. मुकादमाची उचल बहुधा जोडीवर मिळते. काही लेकरं हंगामी वसतिगृहाच्या जेवणावर आजीपाशी राहतात, बाकीची बैलगाडीवर. तिथे फडात 'मोठं होण्याच्या' पट्ट्या निराळ्या. आधी कोपीत झोळीत, मग धाकट्याला सांभाळायला, मग वाढे गोळा करायला, मग मोळी बांधायला. पुढची पट्टी कोयत्याची. मधली पाट कुठे बसवायची?

जाण्याआधी मी दाराच्या चौकटीवर प्रत्येकाच्या उंचीची खडूने रेघ मारते आणि आकडा वहीत टिपते, रेघ पुसली गेली तर असावा म्हणून. या वयात वर्षाला पाचेक सेंटिमीटर उंची वाढते. पाडव्याच्या आसपास परतलेली पोरं आधी चौकटीपाशी येतात. त्या बोटभर फरकावर 'आय वॉज' आणि 'आय ॲम' इतकं नीट बसतं, की व्याकरणाच्या पुस्तकाला जमणार नाही. आजीपाशी राहिलेल्या पोरांना मात्र त्यात फारशी मजा नसते, त्यांची रेघ ती रोजच बघत आलेली.

या खेपेला घरच्या माणसांवर तीन वाक्यं लिहायला दिली होती. फडावरून आलेल्या एका मुलीच्या वहीत तिसरं वाक्य होतं, 'माय सिस्टर वॉज टीनेजर.' अक्षर गोल, स्पेलिंग बिनचूक. मी लाल पेन काढलं. 'अ' राहिलाय, म्हटलं, आणि बहीण किती वर्षांची?

"सोळा."

सोळा म्हणजे सिक्स्टीन. त्यातही टीन आहे. मग 'वॉज' नाही, 'इज' लागेल.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीडमधल्या विशी-चोविशीच्या बायकांपैकी दर पाचात दोघींहून जास्त जणींची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली होती. हा आकडा मी प्रशिक्षणात ऐकला होता, वहीवर टेकलेल्या पेनाला तो तेव्हा आठवला नाही.

तिने बोटं मोजली. तेरा, चौदा. "दोनच वर्षं होती म्याडम. मग कोयत्यावर गेली, दाजींसंगं."

'अ' तिने नीट जागेवर घातला. 'वॉज' तसाच ठेवला. मीही पेनाला टोपण लावलं आणि पुढची वही ओढली.