डीजे कितीचा, गाणे कुणाचे?

सावद्यात जयंतीच्या बैठकीत वाद एकच : डीजे कितीचा लावायचा? पैशाची चिंता नव्हती. निवडणूक जवळ आली की दाते आपसूक सापडतात, आणि दात्याचा फोटो बाबासाहेबांच्या फोटोएवढा होतो.

आम्ही म्हटले, पोरांनो, आधी हे ऐका. मोबाइलवर राज मुंगासे लावला. २०२२ च्या सत्तांतरावर रॅप केला म्हणून एप्रिल २०२३ मध्ये या पोरावर गुन्हा दाखल झाला. त्याच महिन्यात उमेश खाडेवरही, 'भोंगळी केली जनता' या गाण्यापायी. संविधानाच्या कलम १९ ने दिलेले स्वातंत्र्य गाण्यात उतरले की पोलीस ठाण्यात कसे पोहोचते? डीजेला पैसे देणाऱ्यांनाच हे विचारायला हवे.

वामनदादा कर्डक गावोगाव गात फिरले, तेव्हा कुठे होत्या या स्पीकरच्या भिंती? आजही कडुबाई खरात एकतारीवर सभा धरून ठेवतात. पा. रंजित यांच्या पुढाकाराने २०१७ मध्ये चेन्नईत उभा राहिलेला 'कास्टलेस कलेक्टिव्ह' ऐका. अरिवुचे 'एन्जॉय एन्जामी' (२०२१) तर ऐकाच. तमिळ आम्हालाही कळत नाही. पण चहाच्या मळ्यात राबून भूमिहीनच राहिलेल्या त्याच्या आजीची कहाणी त्यामागे आहे, हे सांगताच एक पोरगा म्हणाला, "आमची आजी केळीच्या बागेत, तसंच ना?"

शेवटी डीजे ठरलाच. मात्र मिरवणुकीआधीचा एक तास पोरांच्या गाण्यांना दिला आहे. त्या तासाला कुणाचाही बॅनर लागणार नाही, एवढे आम्ही लिहून घेतले.