कुलूपबंद पुस्तकें

दुकानांत जावें, पैसे मोजावे आणि पुस्तक घरीं आणावें. ह्यांत समजावून सांगण्याजोगें तें काय, असें पुष्कळांस वाटेल. परंतु अलीकडे पुस्तकें कागदावर न येतां फाईलीच्या रूपानें येऊं लागलीं आहेत, आणि पैसे दिल्यावर आपल्या हातीं नेमकें काय पडतें, हा प्रश्न पूर्वीइतका सोपा राहिलेला नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं ज्यांस सोंगें घेऊन खेळावयाच्या खेळांचा नाद लागला आहे, त्यांच्या निमित्तानें तो येथें उलगडून पाहूं.

हे खेळ कसे असतात, हें आधीं पालकांसाठीं सांगावयास हवें. चारपांच मित्र टेबलाभोंवतीं बसतात. एकजण निवेदक होऊन प्रसंग सांगतो. बाकीचे कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर होऊन आपण काय करणार तें बोलतात. आणि बेत साधला कीं फसला, हें वीस बाजूंच्या फांशानें ठरतें. ह्या खेळांचा मूळपुरुष 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा अमेरिकेंत १९७४ सालीं गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्या दोघांनीं प्रसिद्ध केला. खेळास सारीपाटासारखा पट लागतोच असें नाहीं. लागतें तें नियमांचें पुस्तक. तें सारखें उलटून पाहावें लागतें, शेजाऱ्यापुढें सरकवावें लागतें, त्यांतील पात्राचा तक्ता प्रत्येकासाठीं छापून घ्यावा लागतो. अंबरनाथ पश्चिमेस स्टेशनाजवळ गाईडें व वह्या हव्या तितक्या मिळतील, असलीं पुस्तकें मिळणें कठीण. परदेशाहून मागवावीं तर किंमत भारी. म्हणून मुलें घरच्या मोबाईलवर त्यांची फाईल विकत घेतात.

ही फाईल कुलूपबंद असली तर तिच्यांतील मजकूर सांकेतिक रूपांत गुंतविलेला असतो. विक्रेत्याचें ॲप त्याच्या संगणकाकडून किल्ली आणतें, तेव्हांच अक्षरें दिसूं लागतात. किल्ली ज्याच्या खात्याची, त्याच्याच यंत्रावर ती चालते. धाकट्या भावाच्या नाहीं. किती पानें छापावीं, हेंही पुष्कळदां विक्रेताच ठरवितो. मिळालेली वस्तु म्हणजे पुस्तक वाचण्याची परवानगी होय, आणि ती कोणत्या अटींवर मिळाली हें कोणी वाचीत नाहीं!

अक्षरांस कुलूप घालणें महाराष्ट्रास अगदींच नवें नाहीं. महानुभाव पंथानें आपले ग्रंथ कित्येक शतकें सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेविले. परक्याच्या हातीं पोथी पडली तरी ती मुकीच राहावयाची. विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य राजवाडे, आमच्या शेजारच्या ठाण्याचे वि. ल. भावे इत्यादि संशोधकांनीं त्या लिपीचा उलगडा केला, तेव्हां मराठी गद्याचा आद्य ठेवा इतरांच्या दृष्टीस पडला. मात्र लिपी एकदां शिकलेल्या शिष्यापासून ती विद्या कोणी परत घेऊं शकत नव्हतें. आजची किल्ली विकणाऱ्याच्या घरीं राहते.

ती परत घेतली जाते काय? जाते. जुलै २००९ मध्यें ॲमेझॉननें जॉर्ज ऑर्वेलच्या '१९८४' व 'ॲनिमल फार्म' ह्या पुस्तकांच्या विकलेल्या प्रती ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून दुरूनच पुसून टाकिल्या. त्या प्रती विकणाऱ्याजवळ हक्क नव्हते, हें कारण खरें होतें, पैसेही परत मिळाले. पण एका अमेरिकन शाळकरी मुलानें अभ्यासासाठीं केलेलीं टिपणें पुस्तकावांचून निरुपयोगी झालीं. कंपनीच्या प्रमुखांनीं पुढें क्षमा मागितली. मायक्रोसॉफ्टनें २०१९ सालीं आपलें ई-पुस्तकांचें दुकान मिटलें, तेव्हां विकलेलीं पुस्तकेंही उघडेनाशीं झालीं. आपल्याकडे फ्लिपकार्टनें २०१५ च्या अखेरीस ई-पुस्तकांची विक्री थांबविली. तेथें निदान ग्राहकांस कोबो कंपनीकडे सोंपविण्याची व्यवस्था झाली.

खेळांच्या पुस्तकांचा इतिहास ह्याहून बोधप्रद आहे. ड्राइव्हथ्रूआरपीजी हें त्यांचें मोठें दुकान २००४ सालीं निघालें, तें कुलूपबंद फाईली घेऊनच. ग्राहक रागावले. थोड्याच काळांत दुकानानें कुलूप काढून पानापानावर घेणाऱ्याचें नांव व मागणीचा क्रमांक उमटविण्याची रीत धरली. अशी फाईल कोणत्याही यंत्रावर उघडते, छापतां येते. चव्हाट्यावर टाकली तर मात्र टाकणाऱ्याचें नांव तिच्याबरोबर जातें. पुढें एप्रिल २००९ मध्यें 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या प्रकाशकांनीं चोरट्या प्रतींना कंटाळून आपल्या साऱ्या फाईली एकाएकीं विक्रींतून काढून घेतल्या. पूर्वीं पैसे दिलेल्यांसही त्या दुकानांतून पुन्हां उतरवून घेतां येईनात. ज्यांनीं आपली प्रत घरच्या संगणकावर जपून ठेविली होती, त्यांचा खेळ मात्र अडला नाहीं. प्रकाशक परतले ते जानेवारी २०१३ मध्यें.

प्रकाशकांचा राग आम्हांस अन्यायाचा वाटत नाहीं. लेखक, चित्रकार, मुद्रितें तपासणारे ह्या सर्वांचें पोट त्या विक्रीवर असतें, आणि शंभर जणांस फुकट वाटलेली प्रत म्हणजे उसनें दिलेलें पुस्तक नव्हे. आपल्या कायद्यांतही २०१२ सालच्या दुरुस्तीनें कलम ६५अ आलें आहे. हक्कभंगाच्या हेतूनें असें कुलूप फोडणारास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड होऊं शकतो. म्हणून कुलूप फोडण्याची युक्ति शोधण्यापेक्षां पैसे देण्याआधींच चौकशी करावी: फाईल इतर यंत्रांवर उघडते काय? छापतां येते काय? दुकान बंद पडलें तर आपल्याजवळ काय उरेल? किंडलवरील पुस्तक संगणकावर उतरवून तारेनें यंत्रांत घालण्याची सोय फेब्रुवारी २०२५ मध्यें काढून घेण्यांत आली, हेंही ध्यानांत असावें. नांव उमटविलेली फाईल मिळत असेल तर ती घ्यावी आणि तिची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवावी.

ज्या घरीं इतकाही खर्च झेपत नाहीं त्यांच्यासाठीं एक गोष्ट मुद्दाम सांगतों. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चे मूलभूत नियम, सुमारें ४०० पानांचे, प्रकाशकांनीं जानेवारी २०२३ मध्यें क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखालीं सर्वांस मोकळे केले. ते फुकट उतरवून घ्यावे, छापावे, मित्रांस द्यावे. श्रेयाचा उल्लेख ठेवून त्यांचें मराठी भाषांतरही करतां येतें. नववी-दहावीच्या मुलांनीं सुटींत पात्राचा तक्ता व फांशांचे नियम एवढीं पानें जरी मराठींत आणलीं, तरी पांचवीचीं मुलें टेबलाशीं येऊन बसतील.