सात नंबरच्या गाडीखालचा शेजार

आजीच्या तोंडी मराठी, उसाच्या मळ्यात भोजपुरी, बाजारात क्रिओल, शाळेत इंग्रजी नि फ्रेंच, अशा वातावरणात आपण मॉरिशसची मराठी माणसे वाढलो. अनेक भाषांचा शेजार आपल्याला नवा नाही. तरीही न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागातील जॅक्सन हाइट्सची हकीकत ऐकण्याजोगी आहे.

ही वस्ती मुळात मोजक्या लोकांसाठी बांधलेली. विसाव्या शतकाच्या आरंभी एका कंपनीने इथे जमीन घेतली आणि मध्ये बाग, भोवती घरे अशा सुंदर इमारती उठवल्या. पण ज्यू आणि काळ्या लोकांना तिथे घर मिळत नसे. भारतीयांची तर गोष्टच नको. १९४६ च्या कायद्याने साऱ्या भारतातून वर्षाला अवघ्या १०० जणांना अमेरिकेत वसण्याची मुभा होती. १९६५ साली कायदा बदलला. डॉक्टर, इंजिनिअर आले, मागून त्यांचे भाऊबंद आले आणि ७४ व्या रस्त्यावर साड्यांची, सोन्याची, किराण्याची दुकाने लागली. आज शेजारच्या ७३ व्या रस्त्यावर बांगलादेशी आहेत, जवळच नेपाळी-तिबेटी मोमोवाले, तर रूझवेल्ट अव्हेन्यूवर कोलंबिया, इक्वेडोर, मेक्सिकोची माणसे. डोक्यावरून सात नंबरची गाडी धडधडत जाते ती थेट फ्लशिंगला. तिथल्या गणपतीच्या देवळाची प्रतिष्ठापना ४ जुलै १९७७ रोजी झाली. देऊळ दाक्षिणात्य पद्धतीचे, पण चतुर्थीच्या उत्सवात रथ निघतो तो पाहून आपल्या लोकांना घरची आठवण व्हावी! (मराठी मंडळी मात्र न्यू जर्सीकडे अधिक.)

मार्च २०२० मध्ये कोरोनाने याच भागाला गाठले. जवळच्या एल्महर्स्ट इस्पितळात २४ तासांत १३ रुग्ण दगावले. टॅक्सीवाले, स्वयंपाकी, साफसफाई करणारे यांना घरी बसणे परवडणारे नव्हते, आणि घरी तरी एकेका खोलीत किती माणसे!

त्याच वर्षी मे महिन्यात ३४ वा अव्हेन्यू दिवसा मोटारींना बंद झाला. मुले सायकल शिकली, शेजाऱ्यांनी रस्त्यातच इंग्रजीचे वर्ग भरवले. गाडी लावायला जागा नाही, रुग्णवाहिका अडेल, अशी तक्रार करणारेही निघाले. त्यांची अडचण खोटी नव्हे. पण ज्यांच्या खोलीत खाटेला जागा नाही, त्यांच्या पोरांनी खेळावे कुठे? आम्ही पोरांच्या बाजूचे.