पीडीएफमध्ये मराठी का बिघडते?

वर्डमध्ये सुबक दिसणारा अर्ज पीडीएफ होऊन दुसऱ्या संगणकावर उघडला, की कधी नुसते चौकोन दिसतात, कधी निरर्थक रोमन अक्षरे. दोष बहुधा फॉन्टचा असतो.

कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकार बसवलेले असतात. फॉन्ट पीडीएफमध्ये समाविष्ट झाला नाही, तर खालची रोमन अक्षरे उघडी पडतात. समाविष्ट झाला, तर पान नीट दिसते. पण मजकूर शोधता येत नाही आणि कॉपी केला तर पुन्हा गोंधळच. त्यामुळे मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून मंगल किंवा कोकिला फॉन्टमध्ये ठेवावा.

ॲक्रोबॅट रीडरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘फॉन्ट्स’ची यादी असते. तिथे प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड’ हवे. नसेल, तर वर्डमधून पीडीएफ करताना ‘ऑप्शन्स’मध्ये पीडीएफ/ए निवडावे. २००५ साली आयएसओ मानक झालेल्या या प्रकारात फॉन्ट समाविष्ट करणे सक्तीचे आहे.

ओळी पुढच्या पानावर सरकत असतील, तर कागदाचा आकार पाहावा. ‘लेटर’ असेल, तर ‘ए४’ करावा. शिवाय मजकूर ज्या संगणकावर टाइप केला, त्याच संगणकावर पीडीएफ केल्यास फॉन्ट बदलून मांडणी विस्कटण्याचा धोका टळतो.