गावाचा कारभारी कसा पारखावा?



निवडणूक जवळ आली की गावोगावच्या पारावर एक बोलणे हटकून निघते. "या पक्षवाल्यांनी गाव दुभंगवले. धर्माच्या नावावर मते मागणाऱ्यांनी उरलेसुरले बिघडवले. आता असा माणूस पाहिजे, की जो कुठल्या पक्षाचा नाही आणि कुठल्या देवाधर्माच्या भानगडीत नाही. तोच नीट कारभार करील." हवेली तालुक्यात, धायरीच्या बाजूला, हे बोलणे मी गेल्या काही वर्षांत पुष्कळदा ऐकले आहे.

बोलणाऱ्यांचे दुःख खोटे नाही. पक्षाच्या वादापायी एका गावात दोन दूध संस्था होतात. सख्खे चुलतभाऊ एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. सप्त्याला मोठी वर्गणी देणारा उमेदवार निवडून येतो आणि शाळेचे पत्रे तसेच गळत राहतात. हे पाहिल्यावर पक्ष आणि धर्म या दोन्हीपासून मोकळा असलेला माणूस हवासा वाटणे साहजिक आहे.

पण तेवढ्याने कारभार सुधारतो का? आपण बियाणे कसे पारखतो ते आठवा. पिशवीवरचे कणीस कितीही टपोरे असले तरी जाणता शेतकरी त्यावर भुलत नाही. घरचे सोयाबीन पेरायचे असेल तर तो ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडतो, गुंडाळी करून सावलीत ठेवतो आणि काही दिवसांनी मोजतो. सत्तर किंवा त्याहून अधिक उगवले तर पेरतो. पुढारीही असाच पारखला पाहिजे. पक्षाचा आहे की बिनपक्षाचा, देव मानतो की मानत नाही, ही पिशवीवरची अक्षरे झाली. उगवण मोजायची राहिलीच.

धायरीने पाहिलेले बिनपक्षाचे राज्य

लांब कशाला जायचे? धायरीचेच पाहा. आपल्या राज्यात ग्रामपंचायतीच्या निवडणुका पक्षाच्या चिन्हावर होत नाहीत. उमेदवारामागे पक्ष असतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण मतपत्रिकेवर नसतात. धायरी ग्रामपंचायतीचे गाव होते तोवर तिथलाही कारभार याच रीतीने चाले. धायरीचा काही भाग आधीच पुणे महानगरपालिकेत गेला होता. उरलेला भाग ऑक्टोबर २०१७ मध्ये पालिकेत घेतलेल्या अकरा गावांबरोबर गेला. ग्रामपंचायत संपली, सरपंच गेला, ग्रामसभाही गेली. त्या अकरा गावांना मिळून दोन नगरसेवक मिळाले आणि तेही २०१९ साली निवडले गेले.

पुढे मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली. निवडणुका लांबल्या आणि जानेवारी २०२६ मध्ये त्या होईपर्यंत जवळजवळ चार वर्षे पालिकेवर प्रशासक होता. प्रशासक म्हणजे सरकारी अधिकारी. त्याला पक्षाचे तिकीट लागत नाही, मते मागायची नसतात, जातीधर्माची गणिते मांडायची नसतात. म्हणजे पारावर ज्या कारभाऱ्याची मागणी होते, नेमका तसाच कारभारी कायद्याने पुण्याला आणि धायरीला मिळाला होता. राज्यात अनेक जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांवरही त्याच काळात प्रशासक बसले होते.

मग काय झाले? रस्ते, दिवे, कर यांचे नेहमीचे काम चालू राहिले. काही निर्णय झटपट झाले असेही लोक सांगतात. पण जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, म्हणजे नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या भागात, गुलेन बारी नावाच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले. या आजारात शरीराची रोगाशी लढणारी शक्तीच आपल्या मज्जातंतूंवर उलटते. हातपाय लुळे पडतात, काहींना श्वासासाठी यंत्र लावावे लागते. दूषित पाण्यातून किंवा अन्नातून होणाऱ्या पोटाच्या संसर्गानंतर तो जडू शकतो. पुणे आणि आसपास संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या घरात गेला. काही माणसे दगावली. संशय पाण्यावर आला आणि विहिरींचे, टँकरचे, नळाचे नमुने तपासणे सुरू झाले. खडकवासल्याचे धरण हाकेच्या अंतरावर असताना पाणी प्यावे की नाही, अशी लोकांची अवस्था झाली. 'धरण उशाला अन् कोरड घशाला' ही म्हण आपण कोरडवाहू गावांसाठी वापरतो. इथे ती वेगळ्या अर्थाने खरी ठरली.

हा आजार प्रशासकामुळे आला, असे मी म्हणत नाही. या गावांच्या पाणी योजनेचे दुखणे जुने आहे, आणि ते निवडून आलेल्या मंडळींच्या काळातही होते. माझे सांगणे एवढेच, की त्या दिवसांत धायरीच्या बाईला पाण्याचा जाब विचारायला ना आपला सरपंच होता, ना नगरसेवक, ना ग्रामसभा. खुर्चीतला माणूस कितीही सरळ असला तरी त्याची नेमणूक मुंबईहून होते आणि बदलीही मुंबईहून होते. आपल्या मताने तो येत नाही आणि जातही नाही. पक्षापासून तो मोकळा असतो, पण आपल्यापासूनही मोकळाच असतो.

अपक्ष म्हणजे निःपक्ष नव्हे

आता निवडून येणाऱ्या अपक्षांकडे वळू. १९९५ सालच्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्राने तब्बल पंचेचाळीस अपक्ष निवडून दिले. २८८ जागांच्या सभागृहात शिवसेनेला ७३ आणि भाजपला ६५ जागा मिळाल्या. दोन्ही मिळून १३८, आणि बहुमताला हवे होते १४५. तेव्हा सरकार अपक्षांच्या पाठिंब्यावर उभे राहिले. मतदारांनी 'आमचा माणूस कुठल्याही पक्षाचा नाही' म्हणून निवडून दिलेले अपक्ष असे सत्तेच्या गणितात गेले. त्यात गैर काही नाही, कायद्याने तशी मुभा आहे. पण अपक्षाला मत देताना तो उद्या कुठे बसेल याचा भरवसा नसतो, हे ध्यानात ठेवावे. पक्षाच्या उमेदवारामागे निदान एक जाहीरनामा असतो आणि तो मोडला तर पुढच्या खेपेस पक्षाला धरता येते. अपक्षाला धरायचे तर त्याच्या शब्दाशिवाय हाती काही नसते.

झारखंडमध्ये तर याची कमालच झाली. मधू कोडा हे अपक्ष आमदार सप्टेंबर २००६ मध्ये मुख्यमंत्री झाले आणि ऑगस्ट २००८ पर्यंत त्या पदावर होते. पुढे २०१७ साली कोळसा खाण वाटपाच्या प्रकरणात न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. पक्ष नसला म्हणजे हात स्वच्छच राहतात असे नाही.

देव मानणारा आणि न मानणारा

दुसरी अट देवाधर्माची. आपल्या घटनेने हा प्रश्न शहाणपणाने सोडवला आहे. आमदार, खासदार किंवा मंत्री पदाची शपथ घेतो तेव्हा त्याला दोन वाटा आहेत. ईश्वराला स्मरून शपथ घ्यावी, किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करावी. दोन्हींचे वजन सारखे. माणूस देव मानतो की नाही, याची चौकशी घटना करीत नाही. मात्र कोणत्याही एका धर्माच्या प्रसारासाठी कर भरायला कोणालाही भाग पाडता येणार नाही, असे ती बजावते. विधानसभा-लोकसभेच्या निवडणुकीत धर्माच्या नावावर मते मागणे हा भ्रष्ट आचार आहे. जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने हा नियम आणखी पक्का केला. उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचा धर्म पुढे करूनही मते मागता येणार नाहीत, असे बहुमताने ठरले.

म्हणजे कायद्याला कारभार बिनधर्माचा हवा आहे. कारभारी बिनधर्माचा असलाच पाहिजे, असे तो म्हणत नाही. या दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नका.

आपल्याच मातीतली दोन माणसे घ्या. कऱ्हाडजवळच्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर देवभोळेपणाचे कट्टर विरोधक होते. बुद्धीला पटेल तेच बोलायचे, हा त्यांचा बाणा होता. फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्यपद त्यांनी १८९२ पासून मृत्यूपर्यंत सांभाळले आणि साधेपणाने जगले. दुसरीकडे राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे. १९७५ साली गावात परतल्यावर त्यांनी यादवबाबांच्या देवळापासून कामाला सुरुवात केली आणि मुक्कामही देवळातच ठेवला. त्याच देवळात बसून गावाने दारूबंदी, श्रमदान आणि पाणी अडवण्याचे निर्णय घेतले. एकाने देव बाजूला ठेवून संस्था चालवली, दुसऱ्याने देवळात बसून गाव उभे केले. देव मानण्या-न मानण्यावरून माणसाच्या कामाचा अंदाज बांधता येत नाही.

हिवरे बाजारने काय केले?

मग गाव सुधारते कशाने? नगर तालुक्यातील हिवरे बाजार तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. तिथे १९८९ साली पोपटराव पवार बिनविरोध सरपंच झाले. शिकलेले, पक्षाच्या झेंड्याशिवाय आलेले. पारावर मागतात तसेच म्हणा ना! पण गाव बदलले ते एका माणसाच्या चांगुलपणावर नव्हे. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, नसबंदी, श्रमदान हे नियम ग्रामसभेत बसून ठरले. शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही, ऊस-केळीसारखे पाणी पिणारे पीक घ्यायचे नाही, हेही तिथेच ठरले. दरवर्षी पाऊस मोजतात, विहिरींचे पाणी मोजतात आणि त्या हिशेबाने कोणते पीक किती घ्यायचे ते सर्वांसमोर मांडतात. चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस असलेल्या गावात असा ताळेबंद ठेवणे ही चैन नाही, गरज आहे. धर्माचे म्हणाल, तर गावातल्या एकुलत्या मुस्लिम कुटुंबासाठी गावाने मशीद बांधून दिली.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. तीस वर्षे बिनविरोध चाललेल्या या गावात जानेवारी २०२१ मध्ये ग्रामपंचायतीची निवडणूक झाली. समोर उमेदवार उभे राहिले. पोपटरावांच्या गटाने सातही जागा जिंकल्या. मला विचाराल, तर ही निवडणूक झाली हे बरेच झाले. चांगल्या वाणाचीही दर हंगामात उगवण तपासतो, तशी चांगल्या कारभाऱ्याचीही मतपेटीत तपासणी झालेली बरी.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा हे गोंड आदिवासींचे गाव तर याही पुढे गेले. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा. तिथे ग्रामसभा एकमताने निर्णय घेते. २००९ साली त्यांना आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ पासून ग्रामसभाच बांबू विकू लागली. तिथे पुढारी कोण, हा प्रश्नच मागे पडला, कारण हिशेब सगळ्यांसमोर होतो.

आता तुम्ही काय करावे?

पुढच्या खेपेला उमेदवार दारात आला की त्याला पक्ष विचारा, पण तेवढ्यावर थांबू नका. आणखी चार प्रश्न विचारा.

पहिला : तुमच्या हातात आलेल्या पैशाचा हिशेब तुम्ही कुठे आणि कधी वाचून दाखवणार? सोसायटीत, दूध संस्थेत, शाळा समितीत याआधी कधी दाखवला का?

दुसरा : ज्यांनी तुम्हाला मत दिले नाही त्यांच्या वस्तीवर नळ कधी पोचला? वेगळ्या जातीधर्माच्या आळीत दिवा कोणी लावला?

तिसरा : तुमच्या भावकीतला माणूस आणि गावाचा नियम यांत भांडण लागले तेव्हा तुम्ही कोणाच्या बाजूने उभे राहिलात?

चौथा : तुमच्या विरोधात ठराव आला तर ग्रामसभा घ्याल की कोरम नाही म्हणून उठून जाल?

ग्रामपंचायतीच्या गावांना माझे सांगणे, की वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. त्या कागदावर होऊ देऊ नका. पेरणीचे दिवस असले तरी घरटी एक माणूस गेला पाहिजे. बायाबापड्यांनी तर जरूर जावे. पाण्याचा त्रास त्यांना जास्त, म्हणून पाण्याचा प्रश्नही त्यांनीच विचारावा. जमाखर्चाची वही मागा आणि पाण्याच्या तपासणीचा अहवाल मोठ्याने वाचायला लावा.

धायरीसारख्या, शहरात गेलेल्या गावांचे काम अवघड आहे, कारण तिथे ग्रामसभा उरली नाही. पण महापालिकेच्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आहे. ती घ्या म्हणून आता निवडून आलेल्या नगरसेवकांमागे लकडा लावा. तेही न जमले तर माहितीचा अधिकार आहेच. दहा रुपये भरून अर्ज द्या. आपल्या भागातल्या पाण्याची तपासणी केव्हा झाली, कोणी केली, निकाल काय आला, हे विचारा. तीस दिवसांत उत्तर देणे त्यांना भाग आहे.

बिनपक्षाचा, बिनधर्माचा कारभारी मिळाला तर जरूर निवडा. पक्षाचा आणि देवभक्त मिळाला आणि तो या चार प्रश्नांना उतरला, तर त्यालाही निवडा. दोघांच्याही मागे तगादा मात्र सारखाच ठेवा. येत्या ग्रामसभेची तारीख ग्रामपंचायत अधिकाऱ्याला आजच विचारा आणि त्या दिवशी कोणता प्रश्न मांडायचा, ते घरात रात्रीच्या जेवणाला बसाल तेव्हा ठरवा.