घरात ताप आणि पिंजऱ्यात गिनीपिग

फ्लूची साथ आली की मांजर-कुत्र्यांची चौकशी सगळे करतात, गिनीपिगची कुणी करत नाही. खरं तर माणसाचा फ्लू त्यांना होऊ शकतो. 1918च्या साथीत न्यू मेक्सिकोतल्या कॅम्प कोडी या लष्करी तळावर प्रयोगशाळेतले गिनीपिग पटापट मेले होते. ती जुनी नोंद वाचून न्यूयॉर्कच्या शास्त्रज्ञांनी प्रयोग केले आणि 2006 साली दाखवून दिलं, की माणसाचा फ्लू एका गिनीपिगकडून दुसऱ्याकडे जातो. करोनाची लागण मात्र त्यांना सहजी होत नाही. तो मान हॅमस्टरचा!

म्हणून घरात कुणी खोकत असेल तर पिंजरा दुसऱ्या खोलीत हलवा. खाणंपिणं धडधाकट माणसाने बघावं. सगळेच आजारी असतील तर मास्क लावून, साबणाने हात धुऊन. गिनीपिगच्या अंगावर सॅनिटायझर फवारणं हा शुद्ध वेडेपणा.

माझ्या मते खरा धोका आपल्या आजारपणातल्या दुर्लक्षाचा. गिनीपिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयारच होत नाही, ते रोज ताज्या भाजीसारख्या खाण्यातून मिळायला हवं. ढोबळी मिरचीचा तुकडा, थोडी कोथिंबीर. पाण्यात थेंब टाकून भागत नाही, ते लवकर निकामी होतात. वाळलं गवत दोन-तीन आठवड्यांचं भरून ठेवा. लेंड्या लहान किंवा कमी झाल्या, अर्धा दिवस तोंडात काही गेलं नाही, तर थेट पशुवैद्य गाठा. आणि घरातलं उरलेलं अमॉक्सिसिलिन चुकूनही देऊ नका, त्याने जीव जाऊ शकतो.

तुम्ही झोपून राहिलात तर त्यांचं कोण बघेल, ते शेजाऱ्यांशी आजच बोलून ठेवा.